‘हीट’ : दोन प्रसंग, एक नियम

गुन्हेगारीच्या चित्रपटांत बंदुका पुष्कळ वाजतात. पण त्यांच्या आवाजानें प्रेक्षकाच्या अंगावर खरोखर कांटा उभा राहावा, असे प्रसंग विरळाच. मायकेल मॅन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९९५ सालच्या ‘हीट’ या चित्रपटांत तसा एक प्रसंग आहे.

कथेचें मूळ प्रत्यक्षांत आहे. शिकागोचे पोलीस अधिकारी चक अ‍ॅडमसन हे नील मॅकॉली या सराईत दरोडेखोराच्या पाळतीवर होते. अकस्मात गांठ पडली असतां त्यांनीं त्याला कॉफी पाजली व दोघे मोकळेपणीं बोलले. पुढें १९६४ सालीं एका दरोड्यानंतर मॅकॉली पोलिसांच्या गोळीस बळी पडला. अ‍ॅडमसनकडून ऐकलेल्या या हकीकतीवर मॅननें १९८९ सालीं ‘एल. ए. टेकडाउन’ हा दूरचित्रवाणीपट केला; परंतु तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नसावें, कारण सहा वर्षांनीं त्यानें तीच कथा पुन्हां हातीं घेतली.

येथें अ‍ॅल पचिनो पोलीस आहे, तर रॉबर्ट डी नीरो दरोडेखोर. ‘द गॉडफादर’च्या १९७४ सालच्या दुसऱ्या भागांत दोघेही होते, पण समोरासमोर कधींच आले नव्हते. असें संभाषण बहुधा एकेका नटावर निरनिराळें चित्रित करून मागाहून सांधतात. मॅननें दोघांवर एकाच वेळीं कॅमेरे लावले. त्यामुळें एकाच्या शब्दावर दुसऱ्याची पापणी लवते, ती खरोखर त्याच शब्दानें.

बँकेवरील दरोड्यानंतरची चकमक लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती रस्त्यांवर चित्रित झाली. गोळीबाराचा आवाज एरवीं मागाहून जोडला जातो. येथें रस्त्यावरच मायक्रोफोन ठेवून, उंच इमारतींवर आदळून परतणारा प्रत्यक्ष कडकडाट कायम ठेवला आहे. गोळ्या सुटूं लागतांच पार्श्वसंगीतही थांबतें. नटांना आधीं खऱ्या बंदुका चालविण्याचें शिक्षण दिलें होतें.

एक प्रसंग अगदीं शांत, दुसरा कान फाडणारा. पण नियम एकच : जें घडावयाचें तें कॅमेऱ्यासमोर एकत्र घडावें. तीन तासांस दहा मिनिटें कमी अशा या चित्रपटांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषांच्या छायेंतच राहतात, हा दोष आम्हांस जाणवतो. तथापि येथला हिंसाचार करमणूक ठरत नाहीं. रस्त्यावर जीव मुठींत धरून पळणाऱ्या माणसांची भीति आमच्यापर्यंत पोहोंचते, आणि या चित्रपटाची योग्यता आम्ही प्रथम तेथेंच मानतों.