विमान जमिनीवर असताना

भारतीय विमानवाहतुकीचा इतिहास निघाला, की १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूस आणलेल्या टपालाची गोष्ट हटकून निघते. त्या काळच्या लहान विमानांचा पंखा खाली उभ्या असलेल्या माणसाने हाताने फिरवावयाचा असे. खालच्याने कळ बंद असल्याचे मोठ्याने पुकारावयाचे, वैमानिकाने तेच शब्द परत उच्चारावयाचे, आणि मगच पंख्यास हात लावावयाचा. शब्द चुकला तर हात जाई. जमिनीवरील सुरक्षिततेचे सारे शास्त्र आम्हांस ह्या दोन वाक्यांत दिसते.

पुढे यंत्रे बदलली. जेट इंजिनाचा पंखा कवचात गेला आणि समोरची हवा, तिच्याबरोबर माणूसही, ओढून घेऊ लागला. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईस हैदराबादकडे निघालेले विमान, खालची माणसे बाजूस झालेली नसता, पुढे सरकले. एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यास चाकांच्या कोनाड्यात काम करणाऱ्या तरुणावर तेलाच्या दाबाने चालणारी दारे मिटली. अशा दारांना अटकाव घालून त्यावर लाल फीत लोंबती ठेवण्याची रीत आहे; ती फीत म्हणजे मुका शब्दच होय.

आपल्या शहराने तर ह्याहून मोठी किंमत मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी चिकलठाण्याहून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईस निघाले. आत ११८ माणसे होती. तापलेल्या विरळ हवेत विमानास उठावयास धाव अधिक लागते. हे उशिरा उठले. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्ता होता, आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. डावे चाक त्यास लागले, पुढे विमान विजेच्या तारांत अडकून कोसळले. ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांचा दोष निघालाच, पण दुसरे कारणही नोंदले गेले: विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरील रहदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने आवरली नव्हती. आम्हांस ह्या दुसऱ्या कारणाचे नवल अधिक वाटते. वैमानिकाची चूक क्षणाची असते. ट्रक मात्र त्या रस्त्याने रोजच जात होते. आगगाडीसाठी खेडोपाडी फाटक पडते, फाटकवाला हिरवा बावटा दाखवितो. येथे बावटा कोणाच्याच हाती दिलेला नव्हता.