सैनिकी सामग्रीची स्तरनिहाय दुरुस्ती

रणगाडे, तोफा, वाहने, बिनतारी संच इ. सैनिकी सामग्रीत बिघाड झाल्यास कोणते काम कोणी, कोठे व किती वेळात करावयाचे, याची आगाऊ ठरविलेली विभागणी. सामग्री वापरणाऱ्या जवानापासून आघाडीपासून शेकडो किमी. दूर असलेल्या तळ-कार्यशाळेपर्यंत ही उतरंड पसरलेली असते. पुण्याजवळील खडकी–देहूरोड पट्टा हे तिच्या शेवटच्या पायरीचे भारतातील एक जुने केंद्र होय.

पहिल्या स्तरावर वाहनचालक तेल, पाणी, टायर किंवा पट्टे, सैल झालेले नट-बोल्ट इत्यादींची रोज तपासणी करतो आणि पथकाबरोबर असलेले कारागीर किरकोळ भाग बदलतात. त्यामागील क्षेत्रीय कार्यशाळेत निकामी इंजिन किंवा दंतचक्रपेटी संपूर्ण काढून तिच्या जागी दुसरी बसवितात; काढलेला भाग तेथे सहसा उघडला जात नाही. तो मागे पाठविला जातो आणि तळ-कार्यशाळेत पूर्ण सुटा करून, झिजलेले भाग बदलून, चाचणीमंचावर तपासून पुन्हा साठ्यात जमा होतो. दुरुस्ती शक्य तितकी आघाडीच्या जवळ व्हावी, हा मूळ नियम आहे. पण उद्या तळ हलवावा लागेल अशा कार्यशाळेने चार दिवसांचे काम हाती घेणे व्यर्थ ठरते. त्यामुळे प्रत्येक स्तरासाठी कौशल्य व हत्यारे यांच्याइतकीच वेळेची मर्यादाही महत्त्वाची असते. राज्य परिवहन महामंडळाची व्यवस्था याच तत्त्वावर चालते : आगारात रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळेत मोठी कामे आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसची बांधणी व पुनर्बांधणी. फरक इतकाच, की एस.टी.चे आगार जागचे हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सैन्यात दुरुस्तीची जबाबदारी अनेक दलांत विखुरलेली होती. शस्त्रे व बरीचशी वाहने आयुध दलाकडे, वाहतूक दलाची वाहने त्याच्याच कार्यशाळांकडे, तर अभियंत्यांची यंत्रे त्यांच्याकडे असत. एका दलात कुशल जोडारी रिकामा बसे आणि शेजारच्या दलात त्याच्याअभावी काम अडून राही. सैन्यातील कुशल मनुष्यबळाची पाहणी करणाऱ्या विल्यम बेव्हरिज यांच्या समितीने हा अपव्यय दाखवून दिला. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ब्रिटनमध्ये विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले आणि काही आठवड्यांतच एल् अलामेनच्या लढाईत त्याची कसोटी लागली. भारतात १९४३ मध्ये असेच दल (ईएमई) स्थापन झाले. १५ ऑक्टोबर हा त्याचा स्थापनादिन मानला जातो.

भारतीय सैन्याच्या तळ-कार्यशाळा याच युद्धकाळातील. दिल्ली, जबलपूर, आग्रा, मीरत, बंगळूर इ. ठिकाणच्या कार्यशाळांबरोबर खडकीची कार्यशाळा (क्र. ५१२) गणली जाते. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून होता, लष्करी छावणी होती, मुंबई बंदराशी लोहमार्गाने संबंध होता आणि जवळच देहूरोड येथे आयुधागार होते. उणीव होती ती अंतराची. ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर निकामी झालेले इंजिन अशा ठिकाणी आणावयाचे, तर जवळजवळ सारा देश ओलांडावा लागे. पुढे पायदळाच्या बीएमपी जातीच्या चिलखती वाहनांचे ओव्हरहॉल हे खडकीचे प्रमुख काम बनले.

या व्यवस्थेचे दुबळे स्थान आघाडीवर दिसते, पण त्याचे मूळ बहुधा मागे असते. तळ-कार्यशाळेतून तयार इंजिने वेळेवर बाहेर पडली नाहीत, तर क्षेत्रीय कार्यशाळेकडे बदली भाग उरत नाही. मग एका नादुरुस्त वाहनाचे भाग काढून दुसरे चालू करण्याची पाळी येते. काही काळ निभावते, परंतु पहिले वाहन कायमचे आडवे होते. १९९१ मध्ये सोव्हिएट संघ कोसळल्यावर तेथील बनावटीच्या सामग्रीचे सुटे भाग मिळणे कठीण झाले, तेव्हा भारतीय सैन्याला ही अडचण तीव्रतेने जाणवली आणि देशातच भाग बनविण्याची निकड वाढली.

कोणता भाग कोणत्या स्तरावर दुरुस्त करावा, हा हिशेबाचाही प्रश्न आहे. महागडा चाचणीमंच प्रत्येक क्षेत्रीय कार्यशाळेला देता येत नाही; उलट स्वस्त इलेक्ट्रॉनीय पट्टी मागे पाठविण्यापेक्षा टाकून देणे परवडते. दुसऱ्या महायुद्धात पाच स्तर मानणाऱ्या अमेरिकी सैन्याने एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते क्षेत्रीय व पाठीमागील अशा दोनांवर आणले. वायुसेनेत विमानाचे संपूर्ण ओव्हरहॉल नाशिकजवळील ओझरसारख्या तळ-दुरुस्ती आगारातच होते. तेथे ओव्हरहॉल झालेले पहिले सुखोई-३० विमान २०१८ मध्ये वायुसेनेला सुपूर्त झाले.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील मोटार उद्योगामुळे या विभागणीत नवा घटक आला आहे. टाटा मोटर्सला २०१७ मध्ये भूसेनेसाठी ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांचे काम मिळाले. अशा बाजारी बनावटीवर आधारलेल्या वाहनांची बरीच देखभाल शांततेच्या काळात उत्पादकाच्या सेवाकेंद्रांतून होऊ शकते. मात्र सेवाकेंद्र लढाऊ तुकडीमागून सरहद्दीवर जात नाही. लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीने २०१६ मध्ये दुरुस्ती-व्यवस्थेच्या फेररचनेची शिफारस केली. ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने स्वीकारलेल्या शिफारशींत तळ-कार्यशाळांची पुनर्रचनाही होती. मालकी शासनाची व चालविणे ठेकेदाराचे, अशी योजना पुढे आल्यावर कामगार संघटनांनी तिला विरोध केला. हा विरोध केवळ नोकऱ्यांपुरता मानणे योग्य नव्हे. तळ-कार्यशाळेत बहुसंख्य कामगार मुलकी असले, तरी तेथे उघडलेल्या इंजिनांतून झीज कोठे व का होते हे समजते आणि त्यावरून खालच्या स्तरांना देखभालीच्या सूचना दिल्या जातात. ठेकेदाराच्या बिलात हे काम कोठे नोंदवावयाचे, हे योजना आखणाऱ्यांना आधीच ठरवावे लागते.