दौंड ते बारामती: कालव्याकाठचा एक दिवस

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त हॉलंडांत असतो. एका रविवारीं आगगाडींत बसून आपण डेल्फ्ट नांवाच्या कालव्यांच्या शहरीं गेलों, दिवसभर पाण्याकाठानें हिंडलों, पुलावर उभें राहून बोटी पाहिल्या आणि दिवेलागणीस घरीं परतलों, असें त्यानें मध्यंतरीं कळविलें. शेवटीं पुसलें होतें, "काका, आपल्याकडे असें एखादें शहर आहे काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण मास्तरकीची संवय सेवानिवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. निमोण्यासारख्या गांवांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास कालव्याचें शहर म्हटलें कीं बारामती आठवते. तें माझ्या धाकट्या बहिणीचें सासरहि आहे. तेव्हां एका सकाळीं निघालों. त्या दिवसाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवितों.

आरंभींच एक भेद सांगितला पाहिजे. हॉलंडचा बराचसा मुलूख समुद्रसपाटीहून खालीं आहे. तेथील कित्येक कालवे मुळांत जमिनींतलें पाणी बाहेर काढण्यासाठीं खणलेले. वाहतूक हा त्यांचा दुसरा उपयोग. सतराव्या शतकांत घोड्यांनीं ओढलेल्या नावा तेथें शहराशहरांमधून वेळापत्रकाबरहुकूम चालत. १८३९ सालीं त्या देशाची पहिली आगगाडी आम्स्टरडॅमहून हार्लेमला गेली, आणि नावांचे उतारू हळूहळू गाडीकडे वळले. आमच्या घोड-भीमेच्या दुआबांत कालवा खणतात तो पाणी नसतें म्हणून.

आणि ही खटपट आजची नव्हे. आमच्याच शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या काठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून तेथें अनेक वर्षें उत्खनन केलें. तेव्हां तीन हजार वर्षांमागील वस्तींत, नदीच्या पुराचें पाणी वळविण्यासाठीं खणलेला एक पाट आणि दगडमातीचा लांबलचक बांध उघडकीस आला. त्याच वस्तींत पांच खोल्यांचें एक मोठें घर व त्याला लागून धान्याचें कोठार सांपडलें. तें गांवच्या प्रमुखाचें असावें असा तर्क आहे. पुढें पाऊसमान घटलें, लोक शेतीवरून गुराढोरांकडे वळले, आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें, असें उत्खनकांचें अनुमान. शाळेंतल्या मुलांना हें सांगतांना मला नेहमीं वाटे, त्या पाटाच्या पाण्याची पाळी कोण लावीत असेल?

दौंडला पोंचलों. पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट १८५८ सालीं येथून पुढें दिकसळपर्यंत गेली. मनमाडचा फांटा १८७८ सालीं झाला. आणि १९१४ सालीं बारामतीचा, अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांचा, सत्तावीस मैलांचा. माझ्या लहानपणीं ती छोटी गाडी चालू होती. वडिलांच्या मांडीवर बसून मीं तींतून केलेला प्रवास आठवतो. डब्यांत माणसांपेक्षां गांठोडींच अधिक. आतां मार्ग रुंद झाला आहे. खिडकीबाहेर मात्र बराच वेळ तेंच माळरान, तीच बोरी-बाभळ. काटफळ मागें पडल्यावर हिरवें दिसूं लागतें, आणि मग ऊस.

हा ऊस कसा आला तें समजावयास दीडशें वर्षें मागें गेलें पाहिजे. आमच्या शेजारच्या कर्डे गांवांत १८७४ सालीं कुळांनीं सावकारांशीं व्यवहार तोडला. १२ मे १८७५ रोजीं जुन्या भीमथडी तालुक्यांतील सुप्याच्या बाजारांत खतें-वह्यांची होळी झाली. त्यापाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, त्यांतच नीरेच्या डाव्या कालव्याची माती पडूं लागली. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरांचा शिधा दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले, आणि हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. बारामतीच्या पुलावर उभा राहून मी खालचें संथ पाणी पाहत होतों तेव्हां हा एक पौंड कांहीं मनांतून जाईना. कालव्याच्या आरंभींची माती अशा उपाशी हातांनीं उचलली आहे.

भाटघरचें धरण आणि वीरचा बंधारा यांच्या आधारानें १८८५ च्या सुमारास पाणी सुटलें. तें पाणी घ्यावयास शेतकरी मात्र पुढें येईना! चांगल्या पावसाच्या वर्षीं ज्वारी-बाजरीस पाणी विकत कोण घेणार? आणि दुष्काळाच्या वर्षीं सगळेच मागणार. कालव्याचा खर्च निघावा तर बारमाही पीक हवें, म्हणजे ऊस हवा. तो लावण्यास लागणारें भांडवल व कसब सासवडच्या माळ्यांजवळ होतें. ते येथें आले, खंडानें जमिनी घेतल्या, गूळ काढला; पुढें गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांकडे गेले, आणि १९३० नंतर माळीनगरला त्यांनीं स्वतःचा साखर कारखाना उभारला. त्यांच्या उद्योगाचें मला कौतुक आहे. पण दुष्काळी कुळांसाठीं म्हणून खणलेला कालवा प्रथम ज्याच्याजवळ पैसा त्याच्याकडे वळला, हेंहि खरें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं ठराविक पट्ट्यांना पाणी देऊन उसाला तिसरा हिस्साच ठेवण्याची पद्धत सुचविली, ती याच ओढीला आवर घालण्यासाठीं.

शहर हिंडलों. मोरोपंत येथेंच राहिले व १७९४ सालीं वारले; त्यांना कऱ्हा ठाऊक होती, कालवा नव्हता. दुपारीं बहिणीकडे जेवलों. पूर्वीं आमच्याकडचा बाप मुलगी देतांना जमीन किती हें न विचारतां पाटाखालीं किती हें विचारी; आमच्या वडिलांनींहि तेंच विचारलें होतें. जेवणानंतर दाजी मला शेताच्या खालच्या कोपऱ्यांत घेऊन गेले. तेथें मीठ फुटलें होतें. काळ्या मातीवर पांढरा थर.

"वडिलांच्या वेळीं येथें पुरुषभर ऊस होता, मास्तर," ते म्हणाले. "आतां हराळीहि धड उगवत नाहीं."

हा रोग जुना आहे. नीरा खोऱ्यांतल्या खाऱ्या जमिनींवर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मॅन व तांम्हणे यांनीं १९१० सालींच पुस्तिका लिहिली होती. काळ्या जमिनीला पाणी अति झालें कीं खालचे क्षार वर येतात. उपाय एकच, चर खणून पाणी बाहेर काढणें. म्हणजे हॉलंडांत करतात तेंच. "मग खणीत कां नाहीं?" मीं विचारलें. दाजींनीं हात पुढें केला. चर काढावयाचा तो खालच्या तिघांच्या शेतांतून. दोघे कबूल आहेत, तिसरा नाहीं. त्याच्या शेतांत अजून मीठ फुटलेलें नाहीं. या वादापायीं दोन्ही घरांत चार वर्षें जाणेंयेणें बंद आहे; बहिणीनें तें मला जेवतांना सांगितलें नव्हतें.

सायंकाळच्या गाडींत बसून पुतण्याला पत्र लिहिलें. आपल्याकडेहि कालव्याचें शहर आहे, गाडीहि जाते, असें कळविलें. डेल्फ्टच्या आसपासच्या जमीनधारकांनीं पाण्याची व्यवस्था पाहण्यासाठीं मंडळ नेमलें त्याला सातशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तें १२८९ चें आहे. एखाद्या शेजाऱ्यानें आपल्या शेतांतून चर जाऊं देण्यास नकार दिला तर तें मंडळ काय करतें, तेवढें विचारून मला लवकर लिही, असें मीं पत्रांत शेवटीं घातलें. दाजी वाट पाहत आहेत.