अंगणात गेलेली शाळा

लहानग्याशी बोलावयाचे म्हणजे त्याला दटावावयाचे, ही वहिवाट घरोघरी निर्वेध चालू असता, भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि मूल येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, असा उलटाच दंडक घातला. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने बाजूस सारून शिंपले, बिया, खडे मांडावेत, आणि केस विंचरता विंचरता मुलाला बोलते करावे. पंतोजींच्या छडीस हे कसे रुचावे! पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. आजच्या झगमगीत नर्सऱ्यांहून ती शाळा मला अधिक सुसंस्कृत वाटते.