पदव्युत्तर मानव्यविद्या अभ्यासक्रमाचे नियम : बुलढाणा जिल्हा

मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी अशा विषयांत एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेश, हजेरी, श्रेयांक, परीक्षा, संशोधन आणि तक्रारी यांना लागू होणारे नियम. बुलढाणा जिल्ह्यात ते तीन ठिकाणांहून येतात. विद्यापीठ अनुदान आयोग आणि राज्य शासनाचा उच्च शिक्षण विभाग चौकट आखतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची विद्यापरिषद तिला मंजुरी देते आणि विद्यापीठ अध्यादेश वा निर्देश काढते. कोणता पेपर, कोणती पुस्तके, हे त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ ठरवते. या साखळीला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याचा आधार आहे.

जिल्ह्यातली महाविद्यालये आधी नागपूर विद्यापीठाला (स्थापना १९२३) जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि बुलढाणा त्याच्या कक्षेत आला; संत गाडगे बाबांचे नाव विद्यापीठाला २००५ मध्ये मिळाले. नागपूरच्या काळातले सर्वांत ठळक नाव वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांचे. मलकापूर तालुक्यातील नरवेल हे त्यांचे जन्मगाव. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याची मजल मानव्यविद्येत कुठवर जाऊ शकते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

नियम समजून घेताना नकाशा जवळ असावा. जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि विद्यापीठ बुलढाणा शहरापासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर. मुंबई–हावडा लोहमार्ग घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव भागातून जातो. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा येथे रेल्वे नाही. विद्यापीठात एखादे काम निघाले, की लोणारच्या विद्यार्थ्याचा सगळा दिवस एसटीत जातो. ऑनलाइन अर्जांनी यातला काही त्रास वाचवला आहे, सगळा नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना २०२३-२४ पासून लागू झाली. शासनाच्या चौकटीप्रमाणे दोन वर्षांचा एम.ए. ८८ श्रेयांकांचा आहे : चार सत्रे, प्रत्येकी २२. यांपैकी ५४ श्रेयांक मुख्य विषयाच्या अनिवार्य पेपरांचे, १६ वैकल्पिक पेपरांचे, ४ संशोधन पद्धतीचे, ४ ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्पाचे आणि १० संशोधन प्रकल्पाचे. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्याला एम.ए. एका वर्षात करता येतो. मिळवलेले श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. लग्न, नोकरी किंवा घरच्या अडचणीने शिक्षण मध्येच थांबले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, ही त्यामागची कल्पना. जिल्ह्यातल्या विद्यार्थिनींना या सोयीचा सर्वाधिक उपयोग होऊ शकतो. प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाने ती समजावून सांगायला हवी.

हजेरीची अट सर्वसाधारणपणे ७५ टक्के असते. ती कमी पडली की परीक्षेचा फॉर्म अडतो. पहिले आणि तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि त्याचा शेवटचा टप्पा नेमका सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत येतो. शेतकरी घरातला मुलगा तेव्हा वर्गात दिसत नाही, कारण मजूर मिळत नाहीत आणि पाऊस आला तर पीक जागेवर काळे पडते. आजारपणासारख्या कारणांसाठी हजेरीत सवलत देण्याची तरतूद असते. विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि त्यानुसार हजेरीत सवलत मिळावी यासाठी नियम करा, असे आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवले. सोंगणीसाठी मात्र सवलत नाही. वर्गातल्या तासांना पर्याय नसतो, हे मान्य करूनही सत्राचे वेळापत्रक पीकपाण्याकडे पाहून आखता येईल, असे या नोंदीचे मत आहे. नियमित वर्ग शक्यच नसलेल्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) हा मान्यताप्राप्त मार्ग आहे.

या साऱ्या रचनेत जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाचे आहेत ते क्षेत्रप्रकल्पाचे आणि संशोधन प्रकल्पाचे मिळून १४ श्रेयांक. बाकीचे ७४ पुस्तकांवर आणि वर्गावर चालतात. या १४ साठी विद्यार्थी स्वतःच्या मुलखाकडे अभ्यासक म्हणून वळू शकतो. क्षेत्रप्रकल्पाचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तासांचे काम, आणि ते करायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी पाहावी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात धान्यांचे गोल रिंगण मांडतात : गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी अशी अठरा. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला, ढेकळे किती भिजली, हे पाहून वाघ घराण्यातले लोक पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. भाकिताला शास्त्रीय आधार नाही आणि विद्यार्थ्याने ते स्पष्ट लिहिले पाहिजे. पण ते ऐकायला जमणारा शेतकरी त्याचे पुढे काय करतो, बियाणे खरोखर बदलतो का, सरकीचा दाणा हलला तर कपाशीचा पेरा हलतो का, हा समाजशास्त्राच्या एम.ए. विद्यार्थ्याने एका हंगामात तपासावा असा प्रश्न आहे.

त्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारी माणसे राहतात, सुमारे दोन-अडीच हजार. या भाषेचे नाते कोरकू, मराठी किंवा अन्य कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या भाषाअभ्यासकांना ठाऊक असलेली ही भाषा जिल्ह्यातल्या एम.ए.च्या वर्गात मात्र क्वचितच चर्चेला येत असेल, आणि ही मोठी उणीव आहे. अशा कामात संशोधनाची नीती कागदापुरती राहू शकत नाही. ध्वनिमुद्रणाआधी बोलणाऱ्याची संमती घेणे, त्याला समजेल त्या भाषेत हेतू सांगणे, आणि तयार झालेली नोंद गावाला परत दाखवणे, हे संशोधन पद्धतीच्या पेपरातले भाग इथे प्रत्यक्षात उतरतात.

परीक्षेसंबंधी दोन तरतुदी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. २०१६ च्या अधिनियमानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लागला पाहिजे. आणि तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे. एखादा पेपर राहिला म्हणून खचण्याआधी आपण काय लिहिले आणि त्याला किती गुण पडले, हे पाहून घ्यावे.

एम.ए. उत्तीर्ण होणे आणि पुढचा रस्ता खुला होणे यांत ५५ टक्क्यांची रेघ आहे. नेट, सेट आणि पीएच.डी. प्रवेशाला तेवढे गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्गीय व दिव्यांगांना ५० टक्के. पहिल्या सत्रात ढिलाई झाली तर ही रेघ गाठणे शेवटी अवघड जाते. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, त्यावर पुनर्नोंदणीने २ वर्षांपर्यंत मुदतवाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा. एम.फिल. याच विनियमांनी बंद झाले. मार्गदर्शक नियमित प्राध्यापकच असावा लागतो आणि प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ इतकेच विद्यार्थी घेता येतात. रिक्त पदांवर सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, शिक्षक आले की मार्गदर्शकांची संख्या घटते आणि जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याची जागा आपोआप कमी होते. मानव्यविद्येच्या संशोधनाला बुलढाण्यात आज सर्वाधिक अडवणारी गोष्ट हीच.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, फार तर ६ महिन्यांत, सुधारून देता येतो. ६० पर्यंत एक वर्ष बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. मराठी मजकूर संगणकावर तपासण्याची साधने इंग्रजीइतकी पक्की नाहीत, म्हणून मार्गदर्शकाने मूळ संदर्भ स्वतः उघडून पाहणे इथे जास्त गरजेचे ठरते. मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढवला जातो आणि तो कुणालाही मोफत वाचता येतो.