'चीफ' आणि 'शेफ': एकाच शब्दाची दोन आगमने

१/ इंग्रजीत 'सीएच' या अक्षरांचा उच्चार 'चेअर'मध्ये 'च' आणि 'मशीन'मध्ये 'श' का होतो? 'इंग्रजीला नियम नसतो' असे सांगून शाळेत हा प्रश्न मिटवला जातो. नियम आहे, मात्र तो व्याकरणात नसून इतिहासात दडलेला आहे.

२/ १४ ऑक्टोबर १०६६. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड मारला गेला आणि नाताळच्या दिवशी नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याचा राज्याभिषेक झाला. दरबाराची आणि सरदारांची भाषा फ्रेंच झाली. शेतात राबणारा इंग्रजीच बोलत राहिला.

३/ नॉर्मनांची फ्रेंच मात्र पॅरिसची नव्हती. पॅरिसकडे जेथे 'ग' होता, तेथे त्यांच्या उत्तरेकडील बोलीत 'व' टिकून होता. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन', 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' या जोड्या त्या भेदाच्या खुणा आहेत. प्रत्येक जोडीचे मूळ एकच.

४/ 'क'चीही तीच कथा. लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोके. त्यावरून 'कापिताले', म्हणजे मुख्य धन. नॉर्मन बोलीने 'क' राखला: 'कॅटल'. पॅरिसकडे त्याचा 'च' झाला: 'चॅटल', म्हणजे जंगम मालमत्ता. पुढे विद्वानांच्या लॅटिनमधून 'कॅपिटल' आला. 'कॅटल'चा अर्थही आधी कोणतीही मालमत्ता असाच होता. नंतर तो गुराढोरांपुरता उरला. आपल्या 'पशुधन' या शब्दात हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात.

५/ १२०४ मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली आणि इंग्लंडमध्ये पॅरिसच्या फ्रेंचचे वजन वाढले. त्याच 'कापुत'पासून झालेला 'चीफ' १३०० च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागतो. इकडे फ्रान्समध्ये तेराव्या शतकातच 'च'चा 'श' होऊ लागला होता. इंग्लंडमध्ये रुजलेल्या शब्दांनी मात्र जुना 'च' सोडला नाही.

६/ एकोणिसाव्या शतकात तोच फ्रेंच शब्द पुन्हा इंग्रजीत आला, तो स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणून आणि नव्या उच्चारासह: 'शेफ'. 'चीफ' आणि 'शेफ' यांच्यात सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे.

७/ म्हणून फ्रेंचमधून आलेल्या शब्दांपुरता ठोकताळा असा: चेअर, चेंबर, चेंज हे मध्ययुगात आले, मशीन, शॅम्पेन, शेफ हे त्यानंतर. 'केमिस्ट्री'तला 'क' ग्रीक वळणाचा, तर 'चाइल्ड'मधला 'च' अस्सल इंग्रजी.

८/ मराठीला हे नवे नाही. 'क्षेत्र' आणि 'शेत' मुळात एकच. एक थेट संस्कृतातून घेतलेला. दुसरा प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडून शतकानुशतके घासून आलेला. त्यांपैकी कोणताही अशुद्ध नाही.

९/ तेव्हा कोणी 'शेफ'ला 'चेफ' म्हटले, तर हसण्यापूर्वी थांबावे. आजच्या शब्दकोशाप्रमाणे ती चूक खरी. पण आठशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये त्या शब्दाचा आरंभ 'च'नेच होत असे.