देणगीपासून शुल्कापर्यंत: दंत महाविद्यालयांतल्या कोट्यांचा इतिहास

खासगी दंत महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून, संस्थास्तरीय कोट्यातून किंवा अनिवासी भारतीयांच्या कोट्यातून मिळालेला प्रवेश म्हणजे मागच्या दाराने झालेला शिरकाव, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. गुणवत्ता यादी हा नियम, कोटा हा अपवाद. अपवादाला वेसण घातली की प्रश्न सुटला, असा हिशेब त्यामागे असतो. या महाविद्यालयांचा इतिहास मात्र तो हिशेब मान्य करत नाही. पैसे मोजून मिळणारी जागा हीच त्यांची पायाभरणी होती. गुणवत्तेची यादी बरीच नंतर, न्यायालयांच्या रेट्यामुळे, त्या पायावर उभी राहिली. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेने पैशाला बाहेर काढण्याऐवजी त्याचे प्रमाण, त्याचे नाव आणि त्याची पावती तेवढी ठरवून दिली. दंतवैद्यकात हे विशेष ठळक दिसते, कारण इथे सरकारी जागा आधीपासूनच मोजक्या होत्या. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झाले. त्याखेरीज कित्येक दशके मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथली तीन सरकारी महाविद्यालये, एवढाच महाराष्ट्राचा सार्वजनिक पसारा होता. एवढ्या मोठ्या राज्याची मागणी एवढ्याशा दारातून आत जाणे शक्यच नव्हते.

प्रवेशासाठी पैसे घेण्याच्या या प्रथेचा उगम खासगी संस्थाचालकांच्या लोभात शोधण्याचीही आपल्याला सवय आहे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला कॅपिटेशन फीचा एक अगदी आरंभीचा खटला सरकारी महाविद्यालयाविरुद्धचा होता. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना ही रक्कम माफ होती. बाहेरच्या विद्यार्थ्यांना ती भरावी लागे, नामनिर्देशितांना 1300 रुपये आणि इतरांना 1500 रुपये. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले आणि जानेवारी 1955 मध्ये न्यायालयाने बहुमताने राज्याचा नियम वैध ठरवला. राज्याच्या करदात्याच्या पैशावर चालणारे महाविद्यालय राज्याच्या रहिवाशाला सवलत देऊ शकते, असा तो युक्तिवाद होता आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या निकालात एक बीज पडले. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडून दोन वेगळ्या किमती घेता येतात आणि ती तफावत महाविद्यालय चालवण्याचे रीतसर साधन असू शकते, हे तत्त्व संस्थाचालकांच्या आधी राज्याने वापरले होते.

खासगी क्षेत्राने त्याच काळात ते उचलले. डॉ. टी. एम. ए. पै यांनी 1953 मध्ये मणिपालला कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि 1965 मध्ये तिथेच दंत महाविद्यालय सुरू झाले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या रकमांतून इमारती, प्रयोगशाळा आणि रुग्णालये उभी करायची, ही मणिपालची रीत पुढे दावणगेरे, बेळगाव, बंगळूर इथे पसरली. महाराष्ट्रातली ज्यांना परवडेल ती घरे मुलांना तिकडे पाठवू लागली. देणगी भरून कर्नाटकात शिकून आलेला डॉक्टर किंवा दंतवैद्य जिल्ह्याच्या गावी दवाखाना थाटू लागला, तशी एक मागणी इथे जोर धरू लागली: आपल्या मुलांचा पैसा परराज्यात का जावा? वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये राज्याने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यामागे हीच धारणा होती. सुरुवात अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांपासून झाली. वैद्यकीय आणि दंत महाविद्यालये मागोमाग आली. साखर कारखाने आणि सहकारी बँका चालवण्याचा अनुभव असलेली माणसे या क्षेत्रात उतरली. त्यांच्यातल्या अनेकांची तळमळ खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. कोरडवाहू तालुक्यात रुग्णालयासह महाविद्यालय उभे करणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ‘विनाअनुदान’ याचा व्यवहारातला अर्थ एवढाच होता की, जो खर्च सरकार करणार नाही तो विद्यार्थ्याच्या खुर्चीवर बसवला जाईल.

कायद्याने हे रोखायचा प्रयत्न केला, असे म्हणतात. कर्नाटकाने 1984 मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा 1987 चा. त्यातली व्याख्या नीट वाचली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यात दडलेले आहे. विहित किंवा मंजूर शुल्कापेक्षा अधिक घेतलेली कोणतीही रक्कम, मग ती रोख असो वा वस्तुरूपात, आणि तिला नाव काहीही द्या, ती कॅपिटेशन फी. म्हणजे गुन्हा ठरतो तो मंजूर आकड्याच्या वर जाण्याचा. तो आकडा मुळात किती असावा, हा प्रश्न वेगळाच राहतो. मंजूर शुल्कच वाढवले, की काल जी देणगी होती ती आज शुल्क होते आणि तिची पावती मिळते. कर्नाटकात नेमके हेच घडले. राज्याच्या 1989 च्या अधिसूचनेने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेला वर्षाला 2 हजार, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना 25 हजार आणि परराज्यातल्यांना 60 हजार रुपये असे तीन दर ठरवून दिले. मीरतच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर, मोहिनी जैन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सांगितले की हे 60 हजार म्हणजे दुसऱ्या नावाने घेतलेली कॅपिटेशन फीच आहे, आणि शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे. या साऱ्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल दुसरा नाही. तो वर्षभरही टिकला नाही.

फेब्रुवारी 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने व्यावसायिक शिक्षणाचा तो व्यापक हक्क मागे घेतला आणि एक योजना आखून दिली: निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट, आणि दोन्हींत गुणानुक्रम. पुढे तीत अनिवासी भारतीयांसाठीही जागा घातल्या गेल्या. मराठी घराघरांत ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द इथूनच रुळले. या योजनेने देणगीचा अंधारातला व्यवहार बराचसा उजेडात आणला, हे तिचे श्रेय. पण पैशाची जागा आता नुसती सहन केली जात नव्हती. तिला न्यायालयाने आखलेले घर मिळाले होते, तेही निम्मे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. श्रीमंताने जास्त भरले म्हणून गरिबाला कमी भरावे लागले, तर त्यात वाईट काय? कोटा हा जणू एक खासगी करच झाला. तत्त्वतः हा विचार चुकीचा नाही. व्यवहारात काय झाले, ते 2002 च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठानेच नोंदवले: फ्री जागा बहुतेक वेळा शहरातल्या, चांगल्या शाळा आणि शिकवण्या परवडणाऱ्या मुलांना मिळत होत्या, आणि ग्रामीण, तुलनेने कमी साधनांच्या घरातली मुले पेमेंट जागा घेऊन त्यांचा खर्च उचलत होती. कर उलट्या दिशेने वाहत होता. त्या पीठाने उन्नीकृष्णनची योजनाच रद्द केली. परंतु निदान बरोबर असूनही उपचार भलताच निघाला. शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य संस्थांकडे गेले. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी नको, एवढी मर्यादा राहिली. गरिबाचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नाचे उत्तर राज्याच्या तिजोरीकडे असायला हवे होते. त्या तिजोरीकडे कोणी बोट दाखवले नाही.

मग 2003 च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्रवेश आणि शुल्क समित्या आणल्या, आणि ऑगस्ट 2005 मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. इनामदार ज्या पुण्याच्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचे नेतृत्व करत, तिचे स्वतःचे दंत महाविद्यालय आहे. सात न्यायाधीशांनी ठरवले की विनाअनुदानित संस्थांवर राज्य आपले आरक्षण लादू शकत नाही. त्याच निकालाने पंधरा टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांच्या मुलांना किंवा पाल्यांना देण्यास मुभा दिली. गुणवत्ता पूर्ण डावलू नये आणि तो पैसा दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा, अशा अटी घालून. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. मंडलविरोधी आंदोलनापासून गुणवत्तेचा कैवार घेऊन जे बोलत आले, त्यांनी जातीवर आधारलेल्या जागेला जितका विरोध केला त्याच्या शतांशही विरोध डॉलरवर आधारलेल्या जागेला केला नाही. राज्याचा सामाजिक कोटा विनाअनुदानित संस्थांत परत आणायला संसदेला 93 वी घटनादुरुस्ती करावी लागली. पैशाच्या कोट्याला कुठल्याही दुरुस्तीची गरज पडली नाही. अटींचे पुढे काय झाले, तेही नोंदले गेले आहे. पंजाब सरकारने 2024 मध्ये अनिवासी कोट्याची व्याख्या दूरच्या नातेवाइकांपर्यंत ताणली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ती फसवणूक असल्याचे सांगून अपील फेटाळावे लागले.

आता अखेरचा आणि सर्वांत जोरदार दावा: नीटने हे सारे संपवले. महाराष्ट्रातल्या खासगी वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांची संघटना पूर्वी स्वतःची असो-सीईटी घेत असे. तिच्या जागी एकच देशव्यापी परीक्षा आली. मे 2016 मध्ये मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सामाईक प्रवेश आणि शुल्कनियमन वैध ठरले, त्याच वर्षी दंतवैद्यक कायद्यात नीटची तरतूद आली, आणि महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने प्रवेश व शुल्क नियामक प्राधिकरणे उभी राहिली. संस्थास्तरीय जागासुद्धा आज नीटच्या यादीतूनच भरावी लागते. परीक्षेत उत्तीर्ण नसलेल्याला निव्वळ पैशावर आत घेणे अवघड झाले, हा खरा लाभ आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण नीट पात्रता ठरवते. कोण प्रत्यक्ष येईल, ते शुल्क ठरवते. संस्थास्तरीय जागेचा दर राज्याच्या फेरीतल्या जागेच्या कित्येक पट असतो. वरच्या क्रमांकाचा, पण पैसे नसलेला विद्यार्थी ती जागा सोडतो, आणि पैसे असलेला भेटेपर्यंत ती यादीवरून खाली घसरत जाते. पूर्वी दलाल जी निवड करत असे ती आता दरपत्रक करते, आणि सगळे नियमात बसते. राज्याची शुल्क प्रतिपूर्तीही केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतलेल्यांपुरती आहे. मुलींना पूर्ण शिक्षण शुल्कमाफी देणाऱ्या जुलै 2024 च्या निर्णयानेही व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरीय प्रवेश वगळले. सार्वजनिक पैसा तिथे जाऊ नये हे समर्थनीय आहे. पण मग त्या जागा फक्त धनवंतांसाठी राखीव आहेत, हे राज्याने लेखी कबूल केले, असेच म्हणावे लागते.

दंतवैद्यकात तर या व्यवस्थेचा आधारच ढासळतो आहे. कोटा विकला जातो तो टंचाईमुळे, आणि देशात तीनशेच्या आसपास दंत महाविद्यालये झाल्यावर टंचाई उरली नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या 2020-21 च्या सुमारे 7 हजार जागा रिकाम्या राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने पात्रतेचा पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितले. खासगी संस्थांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही त्याच निकालात म्हटले. गुणांची अट उतरवण्याचा आदेश होता, शुल्क उतरवण्याची केवळ सूचना. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे असतानासुद्धा गुणवत्ता आणि किंमत यांपैकी जी लवचीक ठरली ती गुणवत्ता. 1983 पासून खर्चाचा भार खुर्चीवर टाकून राज्य बाजूला झाले, त्याचा हा सरळ परिणाम आहे. तो भार राज्य पुन्हा स्वतःकडे घेत नाही, जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी दंत महाविद्यालये आणि दंतवैद्यांची पदे निर्माण करत नाही, तोवर प्राधिकरणे बदलतील, टक्केवारी पंधराची दहा किंवा वीस होईल, आणि त्या जागांवर कोण बसणार हे यादी लागण्याआधीच दरपत्रकात ठरलेले असेल.